शनिवारचं टेबल, सोमवारचा काटा

वजन कमी करण्याचे सल्ले जवळजवळ सगळे एकट्या माणसासाठी दिलेले असतात. सकाळी काय खावं, पोळ्या किती, भात खावा की भाकरी, तेल कुठलं वापरावं, रात्री किती वाजता जेवावं. स्वयंपाकघर आणि ताट आपल्या ताब्यात आहे, असं त्यात गृहीतच धरलेलं असतं. शहरात नोकरी करणाऱ्या माणसाचं डाएट मोडतं ते मात्र शनिवारी रात्री साडेनऊला, सहा-आठ जणांच्या टेबलावर. तिथे मेन्यूकार्ड दुसऱ्याच्या हातात असतं आणि ‘आज तरी राहू दे ना तुझं’ असं कुणीतरी अगदी प्रेमाने म्हणतं. सोमवार ते शुक्रवार डबा नेणारी, चहातली साखर सोडलेली माणसं त्या अडीच तासांत आठवड्याची कमाई घालवतात. नंतर घरी येऊन म्हणतात, माझाच मनावर ताबा नाही.

हा दोष चुकीच्या माथी मारला जातो, असं माझं ठाम मत आहे. सोबतीने खाण्याबद्दल गेल्या पन्नासेक वर्षांत बरंच संशोधन झालं आहे. ते एकत्र वाचलं की दोन गोष्टी समोर येतात. मित्रांच्या संगतीत माणूस जास्त खातो, आणि वजन उतरवून ते टिकवायचं असेल तर त्याच मित्रांइतका आधार क्वचितच दुसऱ्या कशाचा असतो. या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या आहेत, म्हणूनच हा प्रश्न नीट पाहण्यासारखा आहे.

आधी, वजनाची एवढी काळजी का, याबद्दल थोडं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला होता. दोघांचाही बीएमआय २२.३ होता, म्हणजे कुठल्याही तक्त्यात दोघे सडपातळच ठरले असते. शरीरातल्या चरबीचं प्रमाण मोजलं तेव्हा युडकिन यांचं ९.१ टक्के निघालं आणि याज्ञिकांचं २१.२ टक्के. दिसायला बारीक पण आतून चरबी साठवणाऱ्या भारतीय देहाबद्दल याज्ञिकांनी पुणे परिसरात जे दीर्घ काम केलं, त्याचं सार त्या एका फोटोत आहे. म्हणूनच आपल्याकडे जास्त वजनाची सीमा बीएमआय २५ ऐवजी २३ वर धरतात आणि २५ च्या पुढे स्थूलता मानतात. पोटाचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा, असं सांगतात. आयसीएमआरच्या पाठबळाने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहींची संख्या १०.१ कोटी असल्याचा अंदाज निघाला. पोट सुटलेल्या प्रौढांचं प्रमाण ३९.५ टक्के होतं. ‘मी कुठे जाड आहे, नुसतं थोडं पोट आहे’ हे आपल्याकडचं नेहमीचं वाक्य, आणि नेमकं पोटच आपल्याला महागात पडतं.

आता टेबलाकडे वळू. जॉन डी कॅस्ट्रो या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात लोकांना खाण्याच्या रोजनिशा ठेवायला सांगितल्या: काय खाल्लं, किती खाल्लं, कुठे आणि कुणाबरोबर. १९८९ मध्ये त्याने मांडलेला निष्कर्ष असा की सोबतीत घेतलेलं जेवण एकट्याने घेतलेल्या जेवणापेक्षा सरासरी ४४ टक्क्यांनी मोठं असतं. पुढच्या कामात त्याला दिसलं की माणसं वाढतात तसं जेवणही वाढत जातं, आणि सोबत कुणाची आहे यावर खाण्याची तऱ्हा बदलते. घरच्यांबरोबर माणूस भराभर जास्त खातो. मित्रांबरोबर तो जास्त वेळ बसतो, म्हणून जास्त खातो. अनोळखी माणसांसमोर हा परिणाम जवळपास नाहीसा होतो, हे अशा अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेणाऱ्या २०१९ च्या एका लेखातही दिसलं. अनोळखी लोकांत आपण सांभाळून खातो आणि आपल्या माणसांत सैल होतो. मैत्रीत सैल होणं ही चांगलीच गोष्ट आहे. फक्त ती सैलसर संध्याकाळ आपण जवळजवळ नेहमीच खाण्याच्या जागी घालवतो.

त्या अडीच तासांत घडतं काय, ते पाहण्यासारखं आहे. सगळे यायच्या आधीच मसाला पापड मागवला जातो, कारण नुसतं बसायचं कसं? मग दोन स्टार्टर, त्यांतलं एक कुरकुरीत. कुणीतरी उशिरा येतं, त्याच्यासाठी पुन्हा एक प्लेट येते आणि ती टेबलाच्या मध्यभागी ठेवली जाते. पोट स्टार्टरवरच भरलेलं असतं, तरी मेन कोर्सला नाही म्हणायची रीत नाही. दोन भाज्या, एक दाल, ‘रोट्या आधी सहा सांगू, मग बघू’. शेवटी एक बिर्याणी ‘सगळ्यांत मिळून’. या क्रमात कुणीच एकदाही भुकेला विचारलेलं नसतं. मधल्या प्लेटमधून उचललेल्या घासांचा हिशोब डोक्यात राहत नाही. माणूस आपलं खाणं किती कमी मोजतो, हे १९९२ च्या एका प्रसिद्ध अमेरिकी प्रयोगात तपासलं होतं. ‘कमी खाऊनही माझं वजन उतरत नाही’ अशी तक्रार असलेल्या लोकांनी सांगितलेलं खाणं प्रत्यक्षाहून सरासरी ४७ टक्क्यांनी कमी निघालं. ही माणसं लबाड नव्हती. आपण किती खाल्लं हे त्यांना खरोखरच ठाऊक नव्हतं.

शिवाय आपण एकमेकांकडे पाहून खातो. शेजारचा जास्त खात असला की आपला हातही पुढे जातो, तो थांबला की आपणही थांबतो. टोरांटोच्या पीटर हर्मन आणि जॅनेट पोलिव्ही यांनी या विषयावर आयुष्यभर काम केलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: चविष्ट अन्न समोर असताना पोट कधी थांबायचं ते नीट सांगत नाही, तेव्हा माणूस आजूबाजूच्यांकडून ‘इथे इतकं खाणं शोभतं’ याचा अंदाज घेतो. जिथे सगळेच मनसोक्त खातात, तिथे ती शोभेची रेघ फार वर असते.

आता बिलाबद्दल. कॉलेजात आपण टीटीएमएम शिकलो, तुझं तू माझं मी. नोकरी लागली की ते कद्रूपणाचं वाटायला लागतं आणि बिल सरळ सारखं वाटून यूपीआयवर फिरतं. इस्रायलमधल्या हैफा शहरात उरी ग्नीझी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी याचीच परीक्षा घेतली, तो शोधनिबंध २००४ चा. एकमेकांना न ओळखणाऱ्या सहा-सहा जणांचे गट हॉटेलात नेले. ज्या गटांत ज्याने त्याने आपले पैसे दिले तिथे माणशी सरासरी ३७ शेकेलचं अन्न मागवलं गेलं. बिल सारखं वाटायचं ठरलं तिथे ५१ शेकेलचं, आणि संशोधकच पैसे देणार होते तिथे ८२ शेकेलचं. गंमत म्हणजे कुठली पद्धत आवडेल असं विचारलं तर ८० टक्के लोकांनी ज्याचं त्याने हीच पद्धत पसंत केली होती. सारखं वाटलेलं बिल जास्त मागवायला लावतं आणि ते बहुतेकांना मनातून नकोही असतं. ते नको असं पहिल्यांदा म्हणायचं कुणी, एवढाच प्रश्न उरतो. वजन सांभाळणारा माणूस तर दोन्ही बाजूंनी मार खातो. त्याने एक सूप आणि तंदुरी घेतली तरी त्याच्या वाट्याला पूर्ण रक्कम येते, आणि पैसे दिलेच आहेत तर खाऊनही घेऊ, असं त्याला वाटू लागतं. एखाद्या ग्रुपने फक्त टीटीएमएमकडे परत जायचं ठरवलं तरी त्यातल्या डाएटवाल्याचं निम्मं काम होईल, असं मला वाटतं.

बाहेरचं खाणं वाईट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बर्गर-पिझ्झा येतात. हा समज तपासायला हवा. २०१८ मध्ये ‘बीएमजे’त आलेल्या एका अभ्यासात भारतासह पाच देशांतल्या हॉटेलांतले लोकप्रिय पदार्थ प्रयोगशाळेत नेऊन त्यांतली ऊर्जा मोजली होती. बसून जेवायच्या हॉटेलांतल्या एका जेवणात सरासरी १३१७ कॅलरी निघाल्या, तर फास्ट फूडच्या जेवणात ८०९. एका वेळच्या जेवणासाठी ६०० कॅलरींची मर्यादा धरली, तर बसून जेवायच्या हॉटेलांतली ९४ टक्के जेवणं तिच्या पुढे गेली. म्हणजे ‘आपण काही जंक खाल्लं नाही, चांगल्या हॉटेलात भाजी-रोटी खाल्ली’ या समाधानात अर्थ नाही. ग्रेव्हीवर तरंगणारं तेल, रोटीवर फिरवलेलं लोणी, दालीवरची फोडणी यांतलं एक टेबलस्पून तेल म्हणजे सुमारे १२० कॅलरी. घरी आई चार माणसांच्या भाजीला जितकं तेल घालते, तितकं हॉटेलात एका वाटीत असू शकतं. ज्यांच्या १० किंवा जास्त शाखा आहेत अशा हॉटेलांनी मेन्यूवर कॅलरी छापाव्यात, असा एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा नियम १ जुलै २०२२ पासून लागू झाला. चांगलाच नियम, पण आपण जिथे खरोखर बसतो ती कोपऱ्यावरची मटण-भाकरीची खानावळ, तो बिअरबार, ती चायनीजची गाडी या नियमाच्या बाहेरच राहते.

पिण्याचं वेगळं सांगायला हवं, कारण त्याचा हिशोब कुणीच धरत नाही. अल्कोहोलच्या एका ग्रॅममध्ये ७ कॅलरी असतात, चरबीच्या खालोखाल. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीचा साठ मिलिलीटरचा एक लार्ज म्हणजे साधारण १४० कॅलरी, तीन लार्ज म्हणजे सव्वाचारशे, आणि त्यात वर ओतलेलं कोल्ड्रिंक धरलेलंच नाही. पण खरी भर पडते चखण्याने. तळलेले शेंगदाणे, चणे, चकली, चिली चिकन. पन्नास ग्रॅम शेंगदाण्यांत २८० च्या आसपास कॅलरी असतात आणि ती वाटी टेबलावर न मागताच पुन्हा भरली जाते. दारू पोटात गेली की खाण्याच्या हाताला लगाम राहत नाही, हे कुठल्याही बारमधल्या टेबलाकडे पाहिलं तरी कळतं. ‘मी फक्त बसतो, जेवत नाही’ असं म्हणणारे दोन-तीन तासांत पूर्ण जेवणाहून जास्त पोटात घालून उठतात.

बायकांच्या टेबलाचे प्रश्न थोडे निराळे आहेत. भिशी, हळदीकुंकू, डोहाळजेवण, सोसायटीतली कोजागिरी: इथे खाणं हेच नातं जपण्याचं माध्यम असतं. जिच्या घरी भिशी, तिच्यावर दडपण असतं की गेल्या महिन्यातल्या चार पदार्थांपेक्षा कमी नको. खाणारीवर दडपण असतं की तिने केलेलं चाखलंच पाहिजे. आपल्याकडे आग्रह हा आदरातिथ्याचा भाग आहे. पंगतीत जेवणाऱ्याने दोनदा नको म्हटल्यावर वाढप्याने तिसऱ्यांदा वाढायचं असतं, नाहीतर वाढलंच काय? माणसं वर्षातून दोन-चार वेळाच पोटभर गोडधोड खायची त्या काळात त्याला अर्थ होता. जिलबी खाण्याच्या पैजाही तेव्हाच शोभत होत्या. आता गोड कुठल्याही मंगळवारी मिळतं, आणि आग्रह मात्र तसाच चालू आहे. त्यातून वजन कमी करणाऱ्या बाईला एक विशेष त्रास सोसावा लागतो. चार किलो उतरले की लगेच प्रश्न येतो, ‘काय गं, बरं नाही का? चेहरा उतरलाय.’ जाड असताना शेरे मारणारेच बारीक होताना काळजी दाखवतात. मैत्रिणींपैकी एखादी एका बाजूला सरकली, तर उरलेल्यांना आपल्या ताटाकडे पाहावं लागतं, आणि ते कुणाला आवडत नाही. असे शेरे बहुतेक वेळा दुष्टपणाने केलेले नसतात, पण त्यांचं वजन मोठं असतं.

महाराष्ट्रात डाएटवर जेवढं बोललं जातं तेवढं देशात क्वचितच कुठे बोललं जात असेल. ऋजुता दिवेकर यांचं २००९ चं पुस्तक दर दोन तासांनी थोडं खायला सांगत होतं. पुढे डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या मांडणीवरून स्फूर्ती घेतलेली डॉ. जगन्नाथ दीक्षित यांची पद्धत गावागावांत पोहोचली: दिवसातून दोनदाच, प्रत्येक वेळी ५५ मिनिटांच्या आत खायचं, मधे काही नाही. काही वर्षं कट्ट्यावर, लग्नात, लोकलमध्ये ‘तू दीक्षित की दिवेकर?’ असा प्रश्न चालायचा. आहाराचे प्रकार समोरासमोर तपासणारे मोठे प्रयोग पाहिले तर या भांडणाचा जोर ओसरतो. स्टॅनफर्डच्या ख्रिस्तोफर गार्डनर यांनी ६०९ जणांवर वर्षभर केलेल्या आणि २०१८ मध्ये आलेल्या प्रयोगात कमी चरबीच्या आहाराने सरासरी ५.३ किलो उतरले आणि कमी कर्बोदकांच्या आहाराने ६ किलो. तो फरक संख्याशास्त्रात टिकण्याइतका नव्हता. चीनमधल्या ग्वांगझूच्या २०२२ च्या प्रयोगात १३९ जणांपैकी काहींनी आठ तासांच्या खिडकीत खाल्लं, काहींनी वेळेचं बंधन पाळलं नाही, पण कॅलरी दोघांच्याही सारख्याच कमी केल्या होत्या. वर्षअखेर दोन्ही गट जवळजवळ सारखेच उतरले. २००५ मध्ये बोस्टनच्या संशोधकांनी चार नावाजलेली डाएट तपासली, तेव्हा कुठलं डाएट निवडलं यापेक्षा ते किती काटेकोर पाळलं याच्याशीच उतरलेल्या वजनाचा संबंध दिसला.

मग पाळता कुठलं येईल, हा प्रश्न येतोच, आणि तो पुन्हा मित्रांकडे घेऊन जातो. दीक्षितांची पद्धत इतकी पसरली याचं एक कारण, माझ्या मते, ती मराठी माणसाच्या सामाजिक जगण्यात बसत होती. काय खावं यावर फार बंधन नाही, पंचावन्न मिनिटांत शनिवारचं हॉटेलातलं जेवण बसवता येतं, आणि दुपारच्या समोसा-चहाला ‘माझं दोन वेळांचं आहे’ हे एक वाक्य पुरतं. नकार द्यायला लोकमान्य कारण मिळालं, हा तिचा खरा गुण. अडचण येते ती रविवारी सकाळी मिसळीच्या टेबलावर आणि अडीच तास चालणाऱ्या बैठकीत. दिवेकरांच्या पद्धतीतली घरच्या, ऋतूतल्या अन्नाची बाजू मला मोलाची वाटते, कारण तिने भात-तूप-भाकरीवरचं अपराधीपण दूर केलं. पण दर दोन तासांनी खाणं हे मित्रांबरोबर दिवस काढणाऱ्याला सहज ‘सतत खाणं’ होऊ शकतं.

कडक नियमांचा आणखी एक धोका आहे, आणि तो माणसाला सगळ्यांत जास्त खच्ची करतो. १९७५ मध्ये याच हर्मन यांनी मॅक या सहकाऱ्यासोबत विद्यार्थिनींना आधी मिल्कशेक प्यायला दिला आणि मग ‘चव पाहण्यासाठी’ हवं तितकं आइस्क्रीम समोर ठेवलं. ज्या एरवी खाण्यावर बंधन घालत नव्हत्या, त्यांनी मिल्कशेकनंतर साहजिकच आइस्क्रीम कमी खाल्लं. सतत डाएट करणाऱ्यांनी मात्र उलट जास्त खाल्लं. नियम मोडलाच आहे, मग आता होऊ दे, हा तो विचार. आपण खाल्लं ते जड होतं असा नुसता समज करून दिला तरीही असं घडतं, असं पुढच्या प्रयोगांत दिसलं. मित्रांच्या टेबलावर हाच विचार पहिल्या मंच्युरियनच्या तुकड्यापाशी येतो: आज गेलंच, आता सोमवारपासून. मग रविवारही जातो. ‘चीट डे’ची कल्पना मला म्हणूनच खटकते. त्या नावातच आपण फसवणूक करतोय असं मानलेलं आहे, आणि एकदा फसवलंच तर पुरेपूर का नाही, असं मन विचारतं. अमेरिकेत मोठं वजन उतरवून वर्षानुवर्षं टिकवलेल्या हजारो लोकांची नोंदवही १९९४ पासून ठेवली जाते. सुट्टीचा दिवस आणि कामाचा दिवस यांत खाण्याचा फार फरक न करणाऱ्यांचं वजन अधिक टिकलं, असं तिथे दिसतं. शनिवारी एक रोटी कमी आणि बुधवारी एक पोळी जास्त, असं सपाट जगणारे पुढे जातात.

सणासुदीच्या बाबतीतही लोकांची कल्पना चुकते. अमेरिकेत नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत १९५ जणांचं वजन मोजलं गेलं, तो अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. वाढ सरासरी ०.३७ किलो इतकीच होती. पण ती पुढच्या महिन्यांत उतरली नाही, आणि वर्षभरात वाढलेल्या वजनाचा मोठा भाग त्याच काळातला निघाला. आपल्याकडे गणपती, नवरात्र, दिवाळी आणि मग लग्नसराई. दिवाळीतल्या करंज्यांनी कुणाचं पाच किलो वाढत नाही. वाढतो तो पाव-अर्धा किलो, आणि तो दरवर्षी अंगात राहतो.

मित्रांमुळे वजन ‘लागतं’ का? २००७ मध्ये निकोलस क्रिस्टाकिस आणि जेम्स फाउलर यांनी फ्रेमिंगहॅम या अमेरिकी गावातल्या १२,०६७ लोकांचं १९७१ ते २००३ या काळातलं नात्यागोत्याचं जाळं तपासून सांगितलं की ज्याचा मित्र स्थूल झाला, त्याची स्थूल होण्याची शक्यता ५७ टक्क्यांनी वाढते. शेजाऱ्यांचा असा परिणाम दिसला नाही, दूर राहणाऱ्या मित्राचा मात्र दिसला. जगभर मथळे झाले. मग शंका आल्या. कोहेन-कोल आणि फ्लेचर या दोघांनी तशीच पद्धत किशोरवयीनांवर वापरली, तर मुरुमं, डोकेदुखी आणि चक्क उंचीही मित्रांकडून ‘पसरते’ असं निघालं. उंची तर कुणाकडून लागत नाही. तेव्हा सारख्या आवडीची, सारख्या परिस्थितीतली माणसं मुळात मित्र होतात, एकाच भागात राहतात, एकाच ठिकाणी खातात, हाही त्या आकड्याचा भाग असणार. ५७ हा आकडा मी कुणाच्या तोंडावर फेकणार नाही. एखाद्या जाड मित्राला टाळावं असा निष्कर्ष तर त्यातून काढूच नये, ते क्रूरही होईल आणि चूकही.

याउलट एक अभ्यास माझ्या मते या सगळ्या आढाव्यात सर्वांत महत्त्वाचा आहे आणि तो फार कमी लोकांपर्यंत पोहोचला आहे. रीना विंग आणि रॉबर्ट जेफ्री यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात १६६ जणांना चार महिन्यांच्या वजनघटीच्या कार्यक्रमात घेतलं. काही एकटे आले, काहींना तीन मित्र किंवा नातेवाईक घेऊन यायला सांगितलं. एकट्याने येऊन नेहमीचा कार्यक्रम केलेल्यांपैकी ७६ टक्क्यांनी तो पूर्ण केला. मित्रांसह येऊन एकमेकांना धरून ठेवण्याच्या युक्त्याही शिकलेल्यांपैकी ९५ टक्क्यांनी. त्यानंतरच्या सहा महिन्यांत उतरलेलं सगळं वजन टिकवून ठेवलं ते एकट्यांपैकी २४ टक्क्यांनी आणि मित्रांसह आलेल्यांपैकी ६६ टक्क्यांनी. या दोन आकड्यांमधलं अंतर कुठल्याही दोन डाएटमधल्या अंतरापेक्षा मोठं आहे.

आता औषधांबद्दल. २०२५ पासून भारतात टिर्झेपटाइड आणि सेमाग्लुटाइड ही इंजेक्शनं वजनासाठी अधिकृतपणे मिळू लागली. २०२१ च्या मोठ्या चाचणीत सेमाग्लुटाइडने ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन उतरलं, आणि ते बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत आलं. डॉक्टरांच्या देखरेखीखाली ज्यांना गरज आहे त्यांच्यासाठी हे मोठं साधन आहे, आणि ते घेणाऱ्याला कमी लेखणं अन्यायाचं. पण हे औषध घेणारा माणूसही टेबलावर बसतोच. चार घासांत त्याचं पोट भरतं आणि आग्रह करणाऱ्याला ते खोटं वाटतं.

व्यायामाचं मित्रमंडळ हा पुण्या-मुंबईतला लोकप्रिय उपाय. पहाटे टेकडी, रविवारी सिंहगड. तो मला मनापासून आवडतो, पण त्याच्याकडून वजनाची फार अपेक्षा नको. सत्तर किलोचा माणूस आतकरवाडीतून साधारण सहाशे मीटरचा चढ चढला, तर फार तर चारशे-साडेचारशे कॅलरी खर्च होतात. वर पोहोचल्यावर पिठलं-भाकरी, लोणी, कांदाभजी आणि मडक्यातलं दही घेतलं की तो हिशोब मिटतो आणि थोडं शिल्लकही राहतं. चढाचा फायदा हृदयाला होतो, झोपेला होतो, पायांना होतो. मैत्रीला झालेला फायदा त्याहून मोठा, कारण तीन तास गप्पा झाल्या आणि तोंडाला काम नव्हतं. वजनासाठी याचाच उपयोग करून घ्यायला हवा. १४८ अभ्यासांचा आणि तीन लाखांहून जास्त माणसांचा २०१० साली घेतलेला आढावा सांगतो की घट्ट सामाजिक नाती असलेल्यांची ठरावीक काळ जगण्याची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी जास्त असते. डाएट सुरू केल्यावर ग्रुपमधून हळूच गळून जाणारी, ‘नको, मी नाही येत’ म्हणत घरी बसणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि मला ती सगळ्यांत मोठी हानी वाटते. पाच किलो उतरवायला पाच मित्र देऊ नयेत.

म्हणून बदल टेबलात करायचा. सहा-आठ जणांच्या ग्रुपमधल्या दोघातिघांनी जरी एकमेकांना आधी सांगून ठेवलं, तरी त्या टेबलावरची शोभेची रेघ खाली येते. त्यांनी आपलं आधी मागवावं, म्हणजे बाकीच्यांच्या ऑर्डरला लोटलं जाण्याआधीच ते ठरलेलं असतं. सगळे येईपर्यंत काही मागवू नये, पाणी आणि सोलकढी पुरते. स्टार्टर किंवा मेन कोर्स यांतलं एक निवडावं. तळलेल्याऐवजी तंदूरमधलं, रोटी बिनलोण्याची, आणि बिर्याणी दोघांत एक. पिणार असाल तर चखण्याला काकडी-टोमॅटो सांगता येतात, जवळजवळ प्रत्येक बारमध्ये मिळतात. बिल ज्याचं त्याने. महिन्यातल्या चार भेटींपैकी दोन अशा ठेवाव्यात जिथे खाणं मध्यभागी नसेल: टेकडी, नाटक, कुणाच्या गच्चीवर कॅरम. भिशीला दोनच पदार्थ, असा नियम सगळ्यांनी मिळून केला तर यजमानीणच सगळ्यांत आधी सुटकेचा निःश्वास टाकेल.

आणि ज्यांना वजन उतरवायचं नाही, त्या मित्रांचंही एक काम आहे. कुणी नको म्हटलं तर दुसऱ्यांदा विचारू नये. कारण विचारू नये, त्याच्या ताटाकडे पाहून बोलू नये, बारीक झाल्याबद्दल शाबासकी देतानाही जपून बोलावं. आणि पुढच्या शनिवारी कुठे भेटायचं, हे ठरवताना त्याला आधी विचारावं.